ब्लूटूथ: भाषा एक, मानपान वेगळा

१९९८ साली एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्या एकत्र आल्या. हेतू साधा होता: कुणाचंही उपकरण कुणाच्याही उपकरणाशी बिनतारी जोडता यावं. नाव दिलं दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचं. त्यानं डेन्मार्क एकत्र आणला, अशी त्याची ख्याती.

पुढे २०१६ साली ॲपलचे एअरपॉड्स आले. अँड्रॉइड फोनलाही ते जोडता येतात, गाणी ऐकवतात. पण झाकण उघडताच फोननं ओळखावं, ही सोय ॲपलच्या घरापुरतीच. २०१७ साली गूगलनंही अँड्रॉइडसाठी ‘फास्ट पेअर’ आणलं.

म्हणजे भाषा एकच राहिली, मानपान मात्र घरच्यांनाच! म्हणून विकत घेताना ‘जोडलं जातं का?’ एवढंच विचारू नका. ‘माझ्या फोनवर यातलं काय काय चालेल?’ हेही विचारा.