वाटाण्याच्या रोपापासून पडद्यावरच्या वाघापर्यंत : ‘ट्रिक सीन’ करणाऱ्यांची ओळख

वडसा : नाटकात देव प्रकट होतो, सिनेमात हनुमान उडतो. हे करणाऱ्याला आधी ‘ट्रिक सीन’वाला म्हणत, आता व्हीएफएक्स कलाकार म्हणतात. आपल्या देशात या कामाची सुरुवात एका मराठी माणसाने केली आणि तीही वाटाण्याच्या एका दाण्यापासून.

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब. जन्म 30 एप्रिल 1870, त्र्यंबकेश्वर. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. फोटोग्राफी केली, छापखाना चालवला, जादूचे प्रयोगही केले. जादूगार म्हणून त्यांनी नाव घेतलं होतं ‘प्रोफेसर केळफा’. फाळके उलटं वाचा, लक्षात येईल. फ्रान्समध्ये 1902 साली चंद्रावरच्या सफरीचा सिनेमा काढणारा जॉर्ज मेलिएस हाही मूळचा जादूगारच होता.

1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर सिनेमासाठी पैसा लागणार होता, पण भरवसा कोण ठेवणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर पाहणाऱ्याला दाण्यातून कोंब फुटून रोप वर येताना दिसलं, तेही मिनिटाभरात. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ही फिल्म ओळखली जाते. धानाचे परहे टाकून रोज सकाळी बांधावर जाऊन पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यातली जादू जास्त कळेल. ती पाहूनच पैसे देणारा तयार झाला.

3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. देव प्रकट करायची युक्ती सोपी होती. कॅमेरा थांबवायचा, बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही, देवाचं सोंग घेतलेल्याने मधे येऊन उभं राहायचं, परत कॅमेरा फिरवायचा. सोपी म्हटली तरी कोणी जरा हललं की सगळं वाया. दुसरी रीत म्हणजे एकाच फिल्मवर दोनदा चित्रण घेणं. 1917 च्या ‘लंका दहन’मध्ये हनुमान आकाशातून गेला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. मद्रासेत या सिनेमाचा गल्ला बैलगाडीत भरून न्यावा लागला, असं सांगतात. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

इथे सरस्वतीबाई फाळके यांचं नाव घेतलंच पाहिजे. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं ही अंधारातली कामं त्यांनी शिकून केली. दागिनेही त्यांचेच गेले.

पुढे 1936 च्या ‘संत तुकाराम’मध्ये प्रभात कंपनीने तुकोबांना गरुडावर बसवून वैकुंठाला नेलं. मुंबईत बाबूभाई मिस्त्री यांनी 1937 च्या ‘ख्वाब की दुनिया’त काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत नाचवल्या, म्हणून त्यांचं नावच ‘काला धागा’ पडलं.

आता मानसन्मानाचं. फाळके 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला गेले, तेव्हा सिनेमावाले त्यांना जवळपास विसरले होते. त्यांच्या नावाचा पुरस्कार 1969 साठी सुरू झाला, पण तो बहुतेक नट, दिग्दर्शक, गायकांकडे गेला. 2008 सालचा छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांना मिळाला, तसं क्वचितच घडतं.

परदेशातही फार वेगळं नाही. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ बहुतांश संगणकावर केलेला. ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्यालाही तो खरा वाटावा इतका चांगला. तो करणाऱ्या ‘रिदम अँड ह्यूज’ कंपनीची मुंबई आणि हैदराबादलाही कामं होती. फेब्रुवारी 2013 मध्ये त्या वाघाला ऑस्कर मिळालं, पण त्याच्या दोन आठवडे आधीच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. मंचावर त्यांचा माणूस कंपनीच्या अडचणीबद्दल बोलायला लागला तर वाजंत्री सुरू करून माईक बंद केला.

आपल्या झाडीपट्टीत 2023 ला परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा गडचिरोलीत सगळ्यांनाच आनंद झाला. तो मान हक्काचा होता. पण दिवाळीनंतर वडशातून नाटक कंपन्या गावोगाव निघतात, तेव्हा पडदा रंगवणारा, दिवे सांभाळणारा, ऐन वेळी धूर सोडणारा माणूसही त्याच गाडीत असतो. रात्रभर जागतो. जाहिरातीच्या कागदावर त्याचं नाव शोधावं लागतं. यंदा मंडईला नाटक पाहायला गेलात तर पडदा पडल्यावर मागे जाऊन त्याला नाव विचारा.