टोपी बाजारातून थेट १९८४

आधी ती गुडघ्यावर फाटलेली जीन्स बदला. १९८४ च्या ग्वाल्हेरात तिला कोणी फॅशन म्हणणार नाही. महाराज बाड्याच्या चौकातला पहिलाच शिंपी तुम्हाला हाताला धरून आत बसवेल, रफू करून देईल आणि दया येऊन पैसेही घेणार नाही. कानातल्या त्या पांढऱ्या गोळ्याही काढा. तुम्हाला कमी ऐकू येतं असं समजून लोक ओरडून बोलायला लागतील, आणि आज रात्री बाड्यावर तसाही आवाज काही कमी नाही.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आहे. लोकसभेचं मतदान उरकलंय, मतपेट्या उघडल्यात आणि शहराच्या लश्कर भागातला जो तो बाड्याकडे निघालाय. तुम्ही टोपी बाजाराच्या तोंडाशी उभे आहात. थंडी हाडांत शिरणारी. टांग्याचा घोडा नाकातून वाफ सोडतोय, मागून टेम्पो भडभडत येतोय, त्याच्या टपावर कर्णा बांधलाय आणि त्यातून कुठल्याशा हिट सिनेगीताच्या चालीवर हाताच्या पंजाचा प्रचार अजून चालूच आहे. निवडणूक संपली हे त्या कॅसेटला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

शिंप्याच्या दुकानात शिराच. फळीवर पांढऱ्या कापडाची चळत आणि समोर मिसरूड फुटलेल्या पोरांची रांग. सगळ्यांना एकच हवंय: राजीव गांधींसारखा पांढरा कुर्ता-पायजमा. मास्तर निळ्या खडूने खांद्याची रेघ मारता मारता विचारतो, "बाह्यांना बटण की मोकळ्या?"

"खादीचं कापड आहे ना?" तुम्ही उगाच विचारता.

"खादी पुढाऱ्यांना, साहेब. पोरांना टेरिकॉट पाहिजे. चुरगळत नाही, कडक इस्त्री टिकते आणि नाचता येतं."

हे मला फार आवडतं. वैमानिकाचा गणवेश उतरवून राजकारणात आलेल्या माणसाने पांढरा कुर्ता घातला आणि खांद्यावर शाल टाकली, तर तीन-चार वर्षांत त्याची फॅशन झाली. एरवी पुढाऱ्यासारखा वेष करणं म्हणजे चेष्टेचा विषय. कॉलेजातल्या पोराने पुढाऱ्यासारखं दिसण्यासाठी आईकडे शिलाईचे पैसे मागावेत, हे या देशात रोज घडत नाही. रांगेतल्या एकाने बापाची शाल पळवून आणलीय. ती सारखी घसरते आणि तो ती सारखी अशी काही सावरतो, जणू विमानाची शिडी उतरतोय. त्याचे कान मात्र केसांखाली गडप, कारण वरचा भाग अजून अमिताभच्याच ताब्यात आहे.

आणि हे सगळं ग्वाल्हेरात, हे विसरू नका. बिर्लानगरच्या गिरण्यांचं शहर हे. 'ग्वालियर सूटिंग' हे नाव देशभरच्या कापडदुकानांत पोचलेलं. त्याच्या जाहिरातीत मन्सूर अली खान पतौडी आणि शर्मिला टागोर झळकलेले. म्हणजे बघा, संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले, त्यानंतर एक नवाब सुटाबुटात कापड खपवतोय आणि एक महाराज, माधवराव शिंदे, साध्या कुर्त्यात मतं मागतोय. दोघांचाही माल खपला. माझं विचाराल तर महाराजांची जाहिरात जास्त अवघड होती. दसऱ्याला शिंदेशाही पगडी घालून गोरखीतल्या देवघरात पूजेला बसणाऱ्या माणसाने प्रचारात डोकं उघडं ठेवायचं आणि तरी लोकांना पगडी दिसत राहिली पाहिजे, याला कसब लागतं.

आता बाड्यावर या. दिवसा इथे पाहुण्यांना इमारती दाखवतात, ही इटालियन, ती मुघल, ती रजपूत, पलीकडचं व्हिक्टोरिया मार्केट. आज कोणी इमारतींकडे बघत नाहीये. टाउन हॉलमधल्या रीगल टॉकीजच्या पायऱ्यांवर जास्त गर्दी आहे, आणि तिथे सिनेमा कोणता आणि निवडणूक कोणती हे तुम्हाला चटकन कळणार नाही. अमिताभ बच्चन पडद्यावरून उतरून अलाहाबादला उभा राहिलाय, समोर हेमवतीनंदन बहुगुणा. मुंबईत सुनील दत्त, मद्रासला वैजयंतीमाला. ज्यांच्या घरी टीव्ही आहे त्यांच्या बैठकीत आज निम्मी गल्ली बसलीय. विनोद दुआ आणि प्रणय रॉय आकडे सांगतात आणि आकडे नसले की दूरदर्शन चक्क हिंदी सिनेमा लावतं. निकाल मध्येच येऊन सिनेमा बिघडवतो अशी बायकांची तक्रार आहे. पुरुषांची तक्रार उलटी आहे, पण उठून कोणीच जात नाही.

खरा सिनेमा मात्र ग्वाल्हेरचाच. पान खायला थांबा आणि शेजारच्या काकूंचं ऐका. अंगावर चंदेरी, बारीक सोनेरी बुट्टीची. वरून हाताने विणलेला मरून स्वेटर, आणि त्याची बटणं एवढ्या थंडीतही उघडी, कारण ती लावली तर काठ दिसणार नाहीत. चंदेरी काही स्वेटरखाली झाकायला विणलेली नसते. शेजारी काका, मफलर कानाला गुंडाळलेला, हातात गजकचा पुडा.

"मुलगा उभा, आणि आई समोरच्यासाठी मतं मागतेय," काकू म्हणतात. "असली पटकथा सलीम-जावेदना तरी सुचली असती का?"

गोष्ट अक्षरशः तशीच आहे. ग्वाल्हेरातून भारतीय जनता पक्षाचे उमेदवार अटल बिहारी वाजपेयी, याच गावात जन्मलेले, इथल्याच व्हिक्टोरिया कॉलेजात शिकलेले, मराठी उत्तम जाणणारे. राजमाता विजयाराजे शिंदे त्यांच्याच पक्षाच्या. त्यांचा मुलगा माधवराव आजवर गुना मतदारसंघातून निवडून येत होता. काँग्रेसने माधवरावांना ऐन शेवटच्या क्षणी ग्वाल्हेरात आणलं, आणि वाजपेयींना दुसरीकडे अर्ज भरायला वेळच उरला नाही. पक्षासाठी आई विरोधात, आणि घरातलं भांडण अख्ख्या शहराला तोंडपाठ.

"मग तुम्ही कोणाला दिलंत, काकू?"

"राजमातांना वाकून नमस्कार केला," काकू म्हणतात, "आणि मत महाराजांना दिलं."

"आणि मी अटलजींना," काका म्हणतात. "आमच्या घरातही दोन पक्ष आहेत. फक्त आमचा राजवाडा दोन खोल्यांचा."

कपड्यांकडे पुन्हा एकदा लक्ष द्या, कारण या नाटकातली मुख्य पात्रं सगळी पांढऱ्यात आहेत. १९६१ मध्ये पती गेल्यापासून राजमाता पांढऱ्या साडीत, वाजपेयी पांढऱ्या धोतरात, माधवराव पांढऱ्या कुर्त्यात. रंग सगळे बघ्यांच्या अंगावर. गुलाल उडायला लागला तेव्हा मास्तरच्या दुकानातली ती टेरिकॉट पोरं सर्वांत आधी पुढे धावली, हे ओघानंच आलं. पांढरा कुर्ता शिवून घेण्यामागे आणखी काय उद्देश असतो?

दोनच महिन्यांपूर्वी इंदिरा गांधींची हत्या झालीय, त्यानंतर दिल्लीत शिखांच्या घरांना आगी लागल्यात आणि याच महिन्याच्या सुरुवातीला भोपाळमध्ये विषारी वायूने हजारोंचा जीव घेतलाय. बाड्यावर कोणी ते विसरलेलं नाही. पण नगारा वाजला की पाय हलतात, आणि या हिवाळ्यात लोकांना ते निमित्त हवंच होतं.

आकडा येतो. पावणेदोन लाखांहून जास्त मतांनी माधवराव विजयी. बँडवाल्यांचा ट्रम्पेट पहिला सूर चुकतो, दुसरा पकडतो. गुलाल, बुंदीचे लाडू, फटाक्यांचा धूर. कागदी बिल्ले कोटाला टाचणीने लावलेले, टाचण्या बोटांना टोचतायत. देशभरात काँग्रेस चारशेच्या पार गेलीय आणि भाजपचे सारे मिळून दोन खासदार. काका मफलर सैल करून म्हणतात, "परवा पंचवीसला अटलजींना साठ वर्षं पूर्ण झाली. साठीशांतीला एवढे फटाके कोणाच्या नशिबी असतात!" म्हणतात हसत, पण गजकचा तुकडा तोंडात धरून बराच वेळ चावत नाहीत.

पलीकडे पोरांचा वेगळाच वाद पेटलाय. चुकीचा फटका मारला म्हणून कपिल देवला कलकत्ता कसोटीतून वगळलंय आणि त्यांच्या मते देशापुढचा मोठा प्रश्न तो आहे. अझरुद्दीन नावाचा कोणी नवा पोरगा खेळणार म्हणे. त्याच्यावर पैज लावायचा मोह आवरा. पहिल्याच कसोटीत तो शतक ठोकणार हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि ही लबाडी झाली.

काकांशी मात्र पैज लावाच. एक किलो गजकची.

"हे वाजपेयी एक दिवस पंतप्रधान होतील," तुम्ही म्हणता.

"दोन खासदारांवर?" काका तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघतात. "लावली पैज."

"आणि महाराजांचा मुलगा मोठा होऊन काँग्रेस सोडेल आणि भाजपमध्ये जाईल."

आता काका खो खो हसतात. पानवाला हसतो. शाल सावरणारा पोरगाही वळून बघतो आणि हसतो. काकू तेवढ्या हसत नाहीत. स्वेटरचा काठावर आलेला कोपरा मागे सारत म्हणतात, "त्यात हसायचं काय? आजी आहेच की तिथे."