आगगाडीच्या खिडकीतून दिसलेला खेळ

प्रत्येक जुन्या संस्थेजवळ स्वतःची एक जन्मकथा असते. ती छोटी असते, वार्षिक समारंभात सांगण्याजोगी असते, आणि पुन्हा पुन्हा सांगितली गेल्याने गुळगुळीत झालेली असते. इतिहासकार अशा कथांकडे किंचित संशयाने पाहतो. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र त्या एखाद्या संहितेप्रमाणे वाचाव्यात. कथेत काय सांगितले आहे याइतकेच, ती कोठे सुरू होते आणि त्याआधीचे काय तिने बाहेर ठेवले आहे, हेही पाहावे. इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट या गावच्या लॅक्रॉस क्लबची जन्मकथा अशा वाचनासाठी फार उद्बोधक आहे.

मँचेस्टरच्या दक्षिणेला असलेले स्टॉकपोर्ट हे कापडगिरण्यांचे आणि हॅट तयार करणाऱ्या कारखान्यांचे गाव. 1840 साली पुरा झालेला सत्तावीस कमानींचा विटांचा रेल्वेपूल आजही या गावाची ओळख आहे. रेल्वे आली तशी गावाच्या कडेने उपनगरे वाढली. कारकून, व्यापारी, गिरण्यांचे व्यवस्थापक तेथे राहू लागले आणि आगगाडीने कामाला ये-जा करू लागले. 1850 च्या कारखाना कायद्यामुळे गिरण्यांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले. हळूहळू इतर कचेऱ्यांनाही शनिवारची अर्धी सुट्टी मिळू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडभर क्रीडा-क्लबांचे जे पीक आले, त्याच्या मुळाशी ही मोकळी दुपार आणि ही आगगाडी होती.

क्लबची कथा याच आगगाडीत सुरू होते. 1876 साली काही प्रवाशांना डब्याच्या खिडकीतून एका मैदानावर चाललेला अनोखा खेळ दिसला. खेळाडूंच्या हातात टोकाला जाळी विणलेल्या काठ्या होत्या. चेंडूला हात न लावता तो जाळीत झेलायचा, तसाच घेऊन धावायचे, सहकाऱ्याकडे फेकायचा आणि शेवटी गोलमध्ये मारायचा. प्रवाशांना खेळ आवडला, त्यांनी क्लब काढला, आणि तो क्लब आजतागायत चालू आहे. जगातील सर्वांत जुना हयात लॅक्रॉस क्लब अशी त्याची ख्याती आहे. केल ग्रीन या उपनगरी वस्तीतील मैदान तो क्रिकेट क्लबाच्या जोडीने वापरतो.

कथा प्रसन्न आहे आणि तिच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. पण तिचा निवेदक आगगाडीच्या आत बसलेला आहे. त्याला खेळ दिसतो, मात्र तो खेळ त्या मैदानावर कसा पोचला हे त्याच्या चौकटीत मावत नाही. ते समजून घ्यायचे तर गाडीतून उतरावे लागते.

लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा खेळ. इरोक्वॉय नावाने ओळखल्या गेलेल्या, स्वतःला हॉडेनोसौनी म्हणवणाऱ्या सहा राष्ट्रांच्या संघात तो निर्मात्याने दिलेला खेळ मानला जातो. आजाऱ्याला बरे वाटावे म्हणूनही तो खेळला जातो. 1636 साली जाँ द ब्रेबफ या फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशकाने ह्युरॉन लोकांविषयी लिहिताना रोगनिवारणासाठी खेळल्या जाणाऱ्या या खेळाचा उल्लेख केला. ‘लॅक्रॉस’ हे नावही फ्रेंचांचेच. म्हणजे या खेळाची पहिली लिखित नोंदही बाहेरून पाहणाऱ्याची आहे.

1856 मध्ये माँट्रियल येथे गोऱ्या रहिवाशांनी लॅक्रॉस क्लब स्थापन केला. तेथील विल्यम जॉर्ज बिअर्स या दंतवैद्याने 1860 मध्ये खेळाचे नियम छापले, 1867 मध्ये कॅनडाची राष्ट्रीय संघटना उभारण्यात पुढाकार घेतला आणि 1869 मध्ये या खेळावर ग्रंथ लिहिला. मूळ रहिवाशांच्या हाती हा खेळ कच्चा आणि रासवट होता, आम्ही त्याला शास्त्र दिले, अशी त्याची भूमिका होती. खेळाडूंची संख्या, मैदानाची लांबी, गोलांचा हिशेब हे सारे त्याने निश्चित केले. हे काम उपयुक्त होते यात शंका नाही, कारण नियम छापले गेल्यामुळेच खेळ समुद्रापार जाऊ शकला. मात्र नियमांबरोबर मालकीही बदलली. 1880 मध्ये कॅनडाच्या संघटनेने स्वतःला केवळ हौशी खेळाडूंपुरते मर्यादित केले. प्रवासखर्चासाठी पैसे घेणारे मूळ रहिवाशांचे संघ त्यामुळे अजिंक्यपदाच्या बाहेर पडले. ज्यांचा खेळ, तेच त्यातून वगळले गेले.

1876 च्या वसंतात बिअर्स दोन संघ घेऊन ब्रिटनला आला. एक माँट्रियलच्या गोऱ्या खेळाडूंचा, तर दुसरा माँट्रियलसमोर सेंट लॉरेन्स नदीच्या काठी वसलेल्या कानावाके येथील मोहॉक खेळाडूंचा. 26 जून रोजी विंडसर येथे व्हिक्टोरिया राणीने त्यांचा सामना पाहिला. मोहॉक खेळाडूंच्या टोप्यांवर पिसे होती, अंगात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा वेष होता. सामन्यानंतर ते नृत्यही करून दाखवत. वस्तुतः कानावाकेचे बहुसंख्य लोक कॅथलिक होते, आणि नदीच्या खळाळत्या प्रवाहातून नावा नेण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांचे हे कौशल्य इतके नावाजलेले होते की 1884 मध्ये नाईल नदीतून ब्रिटिश सैन्य नेण्यासाठी कानावाकेच्या नावाड्यांना मुद्दाम नेण्यात आले. परंतु इंग्लंडमधील प्रेक्षकांसमोर त्यांना ‘रानटी’ म्हणून उभे राहायचे होते, आणि ती भूमिका त्यांनी वठवली. प्रेक्षकाला जे पाहायचे असते ते दाखवावे लागते, हा रंगभूमीचा जुना नियम येथे क्रीडांगणावर लागू झाला.

याच वर्षी, 1876 च्या एप्रिलमध्ये, कॅनडाच्या संसदेने ‘इंडियन कायदा’ संमत केला. मूळ रहिवाशांपैकी कोण ‘इंडियन’, त्यांची जमीन कोणाच्या ताब्यात, त्यांची स्वयंशासनाची व्यवस्था कशी असावी, हे ठरवण्याचा अधिकार त्याने सरकारकडे घेतला. राणीसमोर खेळणारे खेळाडू घरी परतले ते याच कायद्याच्या अमलाखाली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब घेण्याची मुभा दिली, ही नोंद आपल्यासाठी.

पुढची हकीकत क्लबांच्या दृष्टीने यशाची आहे. दक्षिण मँचेस्टर आणि स्टॉकपोर्टच्या उपनगरांत लॅक्रॉस रुजला. 1879 मध्ये उत्तर इंग्लंडची संघटना स्थापन झाली. इंग्लंडमधील क्लबांच्या अजिंक्यपदासाठी जो चषक ठेवला गेला त्याचे नाव ‘इरोक्वॉय चषक’. स्टॉकपोर्टने तो अनेकदा जिंकला. पिढ्यान् पिढ्या या उपनगरांतील मुले शनिवारी दुपारी हा खेळ खेळली आणि चषकावरचे ते नाव त्यांच्या सहज बोलण्यात आले. हे नाव खरोखरीच्या माणसांचे आहे, याची आठवण एरवी होण्याचे कारण नव्हते.

ती आठवण 2010 साली झाली. जागतिक लॅक्रॉस अजिंक्यपद स्पर्धा मँचेस्टरला भरणार होती, आणि सलामीलाच यजमान इंग्लंडची गाठ इरोक्वॉय नॅशनल्स या संघाशी होती. 1983 मध्ये स्थापन झालेला हा संघ हॉडेनोसौनींचे प्रतिनिधित्व स्वतंत्र राष्ट्र म्हणून करतो, आणि त्याचे खेळाडू स्वतःच्या राष्ट्राच्या पारपत्रावर प्रवास करतात. 1994 मध्ये मँचेस्टरजवळच बरी येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत हा संघ खेळलाही होता. 2010 मध्ये मात्र सुरक्षेचे नवे निकष पुढे आले. अमेरिकेने आधी आडकाठी केली. मग परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांच्या हस्तक्षेपाने एकवार सवलत मिळाली. पण ब्रिटनने प्रवेश नाकारला. अमेरिकेचे वा कॅनडाचे पारपत्र घेऊन येण्याचा मार्ग खेळाडूंना मोकळा होता, तो त्यांनी नाकारला. न्यूयॉर्कमध्ये दिवसामागून दिवस वाट पाहून संघ परतला.

मँचेस्टरच्या ज्या परिसरात या खेळाडूंच्या पूर्वजांचा खेळ पाहून क्लब निघाले, जेथे त्यांच्या नावाचा चषक झळकतो, त्याच परिसरात त्यांना खेळता आले नाही. यात क्लबांचा काही दोष नव्हता. निर्णय सरकारचा होता. तरीही हा प्रसंग क्लबच्या जन्मकथेवर भाष्य करून जातो. पाहुणा खेळ दाखवायला पिसे लावून आला तेव्हा दार उघडे होते. तो स्वतःचे पारपत्र घेऊन, बरोबरीच्या नात्याने आला तेव्हा ते लागले.

या कथेचा एक धागा आपल्या शहरापर्यंत येतो. 16 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात 2028 च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत लॅक्रॉसचा समावेश करण्याचा निर्णय झाला. आपल्याकडे त्या दिवशी साऱ्यांचे लक्ष क्रिकेटकडे होते, आणि ते स्वाभाविकही होते. पण त्याच ठरावाने हॉडेनोसौनींपुढे जुनाच प्रश्न नव्याने उभा केला. ऑलिंपिकमध्ये संघ पाठवतात त्या राष्ट्रीय ऑलिंपिक समित्या, आणि हॉडेनोसौनींची अशी मान्यताप्राप्त समिती नव्हती. 2014, 2018 आणि 2023 या लागोपाठच्या तीन जागतिक स्पर्धांत त्यांनी कांस्यपदक जिंकले होते. म्हणजे प्रश्न कौशल्याचा नव्हता. राष्ट्र कोणाला म्हणायचे, हा होता.

स्टॉकपोर्टच्या प्रवाशांनी खिडकीतून जे पाहिले ते खरेच होते, आणि त्यावर त्यांनी जे उभारले ते दीडशे वर्षे टिकले. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. आपण वाचकांनी एवढेच करावे. क्लबच्या जन्मकथेतील पहिले वाक्य वाचताना, त्या दुपारी मैदानावर जे खेळत होते त्यांच्या बाजूने ते एकदा पुन्हा लिहून पाहावे. खेळता खेळता त्यांनाही पलीकडच्या रुळांवरून जाणारी ती आगगाडी दिसली असेलच.