मोबाईलवरची शाळा : कोण ग्रुपमध्ये, कोण बाहेर? कोरोना काळात शिक्षकांना काय दिसलं

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे राज्यातील शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते थेट १ डिसेंबर २०२१ रोजी. मधल्या काळात पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अभ्यासमाला रोज निघत होती. दीक्षा ॲपची लिंक आधी गुरुजींच्या मोबाईलवर, तिथून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली.

'असर २०२०' या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. आकडा बरा वाटतो. पण घरात फोन असणं वेगळं आणि पोराच्या हातात असणं वेगळं. फोन सकाळी बापासोबत शेतावर किंवा कामावर जातो, संध्याकाळी घरी येतो तेव्हा तीन भावंडं वाट बघत असतात. त्यात दहावीवाल्याचा नंबर पहिला, दुसरीतल्या मुलीचा शेवटचा. रिचार्ज संपला की तोही नाही. ऊसतोड मजुरांची मुलं तर दिवाळीनंतर आई-बापाबरोबर फडावर गेली, की ग्रुपवर नाव राहायचं, मूल नसायचं.

दुसरा प्रश्न मूल खरंच शिकतंय का हा. ग्रुपवर 'हजर सर' आलं, अंगठा आला, वहीचा फोटो आला. आता वहीतलं अक्षर पोराचं की ताईचं, हे ओळखणार कसं? वर्गात मागच्या बाकावरचा चेहरा पाहून कळतं की याला काही समजलेलं नाही. मोबाईलवर ती सोयच नाही.

अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२० मध्ये पाच राज्यांतील सरकारी शाळांच्या १,५२२ शिक्षकांची पाहणी केली (महाराष्ट्र त्यात नव्हता). मुलांशी भावनिक नातं ऑनलाइन टिकवता येत नाही, असं ८० टक्क्यांहून अधिक शिक्षक म्हणाले. मूल किती शिकलं हे नीट तपासता येत नाही, असं म्हणणारे जवळपास ९० टक्के होते.

आपल्याकडे अनेक शिक्षकांनी वेगळी वाट काढली. मंदिराच्या ओट्यावर, झाडाखाली पाच-सहा मुलं बसवली. पालघर जिल्ह्याच्या आदिवासी भागात लाऊडस्पीकरवर धडे ऐकवणारी 'बोलकी शाळा' चालली. तीही कोरोना सर्वेक्षणाची ड्युटी सांभाळून, हे विसरून चालणार नाही.

जुलै २०२१ मध्ये मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. शाळा बंद होत्या तिथे तोही पीडीएफच्या रूपात मोबाईलवरच. म्हणजे ज्यांच्यापर्यंत आधी काही पोचलं नव्हतं, त्यांच्यासाठी गुरुजींना पुन्हा झेरॉक्स काढून वाडी-वस्तीवर जावं लागलं.