ठेका सर्वांचा, घाम कोणाचा?

कलाकृती ही एकट्या प्रतिभावंताची निर्मिती असते, असे आपल्याला शाळेपासून शिकविले जाते. मीही वर्गात वर्षानुवर्षे तेच शिकवीत आलो. जमैकातील डान्सहॉल संगीताचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा या समजुतीला पहिला धक्का बसला.

आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वंशजांचे हे बेट. तेथे किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत मोठाले ध्वनिवर्धक मांडून रात्रभर नाच चालत. या नाचांतून 'रिडिम'ची प्रथा वाढली. रिडिम म्हणजे बास, ड्रम आणि की-बोर्ड यांनी बांधलेला शब्दांवाचूनचा ठेका. तो एकदा मुद्रित झाला की अनेक गायक त्यावर आपापले शब्द बसवितात. १९६७ साली स्टुडिओ वनमध्ये साउंड डायमेन्शन या वाद्यवृंदाने 'रिअल रॉक' वाजविला. १९७९ च्या सुमारास विली विल्यम्सने आणि मिशिगन-स्माइली या जोडीने त्याच ठेक्यावर वेगवेगळी गाणी गायिली. वस्तीच्या लेखी ही चोरी नव्हती. ज्याच्याजवळ वाद्य नाही, वादकांना द्यायला पैसा नाही, अशा पोराला बोलायला त्यामुळे जागा मिळाली.

परंतु ठेका सामाईक असला, तरी मालकी सामाईक नव्हती. वादकांच्या हाती मजुरी पडे. तबकडीवरील हक्क निर्मात्याकडे राही.

पुढे वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही या तरुणांना कॅसिओ एमटी-४० या छोट्या की-बोर्डात आयता भरलेला 'रॉक' ठेका सापडला. निर्माता किंग जॅमी याने त्याची गती कमी केली आणि 'स्लेंग टेंग' रिडिम तयार झाला. २३ फेब्रुवारी १९८५ रोजी दोन साउंड सिस्टिमच्या सामन्यात तो वाजला आणि डान्सहॉलचे रूपच पालटले. वेन स्मिथपाठोपाठ टेनर सॉ, जॉनी ऑसबर्न त्यावर गायले. पुढे शेकडो गाणी झाली.

तो मूळ ठेका बांधणारी हिरोको ओकुदा १९८० साली कॅसिओत नोकरीला लागली होती. शिकत असताना तिने रेगेवर प्रबंध लिहिला होता. म्हणजे जमैकाचेच संगीत जपानी यंत्रात बसून जमैकात परतले! यंत्रावर तिचे नाव नव्हते. इकडे यंत्रच ठेका धरू लागल्यावर स्टुडिओतील अनेक वादकांची मजुरीही आटली.

या यंत्रयुगातच स्टीली आणि क्लीव्ही पुढे आले. १९८९ साली त्यांनी 'फिश मार्केट' रिडिम बांधला. स्टीली २००९ मध्ये वारला. २०२१ मध्ये क्लीव्हीने आणि स्टीलीच्या वारसांनी अमेरिकेतील न्यायालयात दावा लावला. रेगेटॉनची गाणी आपल्याच ठेक्यावर उभी आहेत, असे त्यांचे म्हणणे. दाव्यातील गाण्यांची संख्या पुढे अठराशेच्या वर गेली. असा ठेका कोणा एकाचा असूच शकत नाही, असा प्रतिपक्षाचा युक्तिवाद.

युक्तिवाद ऐकायला समतेचा वाटतो. मीही क्षणभर फसलो. पण वस्तीतला पोर 'हे सर्वांचे' म्हणतो, तेव्हा तो भाकर वाटून घेत असतो. कोट्यवधींची कमाई करणारी कंपनी तेच म्हणते, तेव्हा ती वाटा नाकारत असते. सामाईकपणा आम्हाला हवाच आहे. त्यासाठी श्रमाचे नाव पुसले जाऊ नये, एवढाच आग्रह आहे.

वर्गात गाणे ऐकविताना गायकाचे नाव मी आता शेवटी सांगतो. आधी विचारतो : हे वाजविले कोणी?