मैला खाली गेला, मागोमाग माणूसही

गटारात गुदमरून सफाई कामगार गेल्याची बातमी आली की आपण विचारतो, "कायदा नाही का?" कायदा आहे. पण तो कुठून आला हे पाहिल्याशिवाय ही माणसं अजून का मरतात, ते कळत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारला आधी दिसली ती डोक्यावरची पाटी. 1949 साली मुंबई सरकारने बर्वे समिती नेमली, 1957 साली केंद्राने मलकानी समिती. पुढे 1993 चा कायदा आला. त्याने हाताने मैला काढायला लावण्यावर आणि कोरडे संडास बांधण्यावर बंदी घातली. उपाय ठरला पाण्याचा संडास.

पण पाणी ओतल्यावर मैला जातो कुठे? गटारात, नाहीतर सेप्टिक टँकमध्ये. ते तुंबलं की माणूस उतरतो. बंद जागेत मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला, आता भीती नाही असं वाटतं, तेव्हाच धोका सर्वांत मोठा असतो. एक कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. म्हणून एकाच टाकीत दोघं-तिघं जातात.

या टाकीपर्यंत कायदा पोहोचला 2013 साली, म्हणजे वीस वर्षांनी. तो अमलात आला 6 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी. त्याने गटार आणि सेप्टिक टँकच्या 'धोकादायक सफाई'वर बंदी घातली. मात्र धोकादायक म्हणजे काय? संरक्षक साधनं न देता, सुरक्षेचे नियम न पाळता हाताने करून घेतलेली सफाई. म्हणजे साधनं दिली की माणूस उतरवायला वाट मोकळी. माझ्या मते खरी पळवाट हीच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूसाठी 10 लाख रुपये भरपाई ठरवली, 2023 मध्ये 30 लाख केली. घराला त्याचा आधार होतो, पण ती मिळते माणूस गेल्यावर. दुसरीकडे केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' यंत्रमानव बनवला. 2018 मध्ये तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. म्हणजे माणसाला उतरवण्यावाचून इलाज नाही, असं आता म्हणता येत नाही.

तुमच्या सोसायटीची टाकी भरेल तेव्हा ठेकेदाराला दराआधी एक प्रश्न विचारा: आत कोण उतरणार? उत्तर "कुणीच नाही" असेल, तरच काम द्या.