जिभेचा स्नायू आणि इस्ट्रोजेन
झोपेत घसा उघडा राहतो तो मुख्यतः जिनिओग्लोसस या जिभेच्या स्नायूमुळे. तो जीभ पुढे ओढून धरतो. 1978 मध्ये जॉन रेमर्स आणि सहकाऱ्यांनी या स्नायूचा विद्युत-आलेख घेऊन दाखवले, की त्याचा जोर ओसरला की श्वासमार्ग मिटतो. त्या काळी तपासले जाणारे रुग्ण बहुतेक पुरुषच. झोपेत श्वास अडणे हा पुरुषांचा आजार, हा समज त्यातून पक्का झाला आणि कितीतरी स्त्रियांचे निदान राहून गेले.

1993 च्या विस्कॉन्सिन पाहणीत 30 ते 60 वयाच्या 9 टक्के स्त्रियांत आणि 24 टक्के पुरुषांत हा दोष आढळला. या फरकामागे संप्रेरके आहेत का, हे पाहण्यासाठी 1998 मध्ये पोपोविच आणि व्हाइट यांनी निरोगी स्त्रियांच्या जिनिओग्लोससची सक्रियता जागेपणी मोजली. मासिक चक्राच्या उत्तरार्धात तो सर्वाधिक सक्रिय होता, रजोनिवृत्तीनंतर सर्वांत मंद. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दिल्यावर त्याची सक्रियता पुन्हा वाढली. मात्र दोन्ही संप्रेरके एकत्र दिल्याने सारे श्रेय इस्ट्रोजेनला देता येत नव्हते. पुढे प्राण्यांवरील प्रयोगांनी ही गाठ थोडी सैल केली: अंडाशय काढलेल्या मादी उंदरांत हा स्नायू लवकर थकतो, इस्ट्रोजेन दिल्यावर अधिक टिकतो.